आमदार व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्राच्या विधानसभेबद्दल आणि विधान परिषदेबद्दल आहे. गोव्यात नियम तेच, पण गणित वेगळं, म्हणून गरज पडली तिथे गोव्याचाही उल्लेख केला आहे. अनामत, खर्चमर्यादा, मानधन या रकमा अधूनमधून बदलतात. अर्ज भरण्याआधी निवडणूक आयोगाची उमेदवारांसाठीची ताजी पुस्तिका एकदा पाहून घ्या.

आमदारकीला उभं राहायला कायद्याने नेमकं काय लागतं?

फार काही नाही. भारताचं नागरिकत्व, विधानसभेसाठी वय २५ आणि परिषदेसाठी ३० पूर्ण, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. ज्या मतदारसंघातून लढायचं तिथलाच मतदार असावं लागत नाही. सोलापूरचा मतदार पुण्यातून लढू शकतो. मात्र तेव्हा आपलं नाव असलेल्या यादीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी द्यावी लागते. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखीव आहेत. तिथे त्या प्रवर्गाचाच उमेदवार चालतो.

शिक्षणाची अट आहे का? दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर?

आमदारकीला दोन्ही अटी नाहीत. गोंधळ होतो तो ग्रामपंचायत आणि झेडपीमुळे. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अडचण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत येते, विधानसभेत नाही. म्हणजे सरपंचपदाला अपात्र ठरलेला माणूस आमदार होऊ शकतो. तर्काला हे पटत नसलं तरी कायदा असाच आहे.

मी सरकारी नोकरीत आहे / सरकारी कामांचा ठेकेदार आहे. लढता येईल?

नोकरीत असाल तर आधी राजीनामा, आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात. राजीनामा दिला एवढं पुरत नाही. मंजुरी आली नाही म्हणून घोडं अडल्याची उदाहरणं प्रत्येक निवडणुकीत असतात. खात्यात चौकशी सुरू असेल तर मंजुरी लांबते, म्हणून किमान सहा महिने आधी हालचाल करा. ठेकेदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ आहे: राज्य सरकारशी केलेलं कंत्राट चालू असेल तर अपात्रता. आपल्या बाजूचं काम पूर्ण झालं आणि फक्त सरकारकडून बिल यायचं राहिलं, तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. काम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा.

सुरुवात कुठून करावी?

महाराष्ट्रात रुळलेली शिडी म्हणजे ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती, जिल्हा परिषद. शहरात नगरसेवक. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली, आर. आर. पाटील १९९० ला तासगावातून निवडून येण्याआधी जिल्हा परिषदेत होते, देवेंद्र फडणवीस १९९२ ला नागपूरचे नगरसेवक झाले, मग महापौर, आणि १९९९ ला आमदार. कारखाना किंवा जिल्हा बँक हाताशी असेल तर शिडीच्या दोन पायऱ्या वाचतात, आणि आडनाव चालणारं असेल तर चार. हे आवडो न आवडो, तिकीट वाटताना बघितलं जातंच.

आमचं मत विचाराल तर झेडपीची एक टर्म सोन्यासारखी. कामाचं अंदाजपत्रक कसं बनतं, तांत्रिक मान्यता कोण देतं, बिल कुठे अडतं हे तिथे कळतं. थेट आमदार झालेल्यांची पहिली दोन वर्षं हेच शिकण्यात जातात.

अर्ज भरताना चुका कुठे होतात?

अर्ज नमुना २-ब मध्ये, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे (बहुधा प्रांताधिकारी) सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात, आणि लढता येतं दोनच मतदारसंघांतून. दालनात उमेदवारासह पाच जण. बाकी मिरवणूक शंभर मीटरच्या रेषेबाहेर.

चुका ठरलेल्या असतात.

सूचक: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. दहांपैकी एकाचं नाव शेजारच्या मतदारसंघात निघालं की अर्ज बाद. यादीभागाचा किंवा अनुक्रमांकाचा आकडा लिहिताना चुकला तर ती किरकोळ चूक धरतात. माणूसच दुसरीकडचा निघाला तर ती धरता येत नाही. म्हणून चारही अर्जांवर वेगवेगळे सूचक घ्या. एका संचात खोट निघाली तर दुसरा वाचवतो.

शपथपत्र, म्हणजे नमुना २६: यातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही. माहिती नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचं. रेघ ओढणं किंवा रकाना तसाच ठेवणं चालत नाही. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अधिकारी आधी नोटीस देतो आणि तरीही रकाना कोरा राहिला तर अर्ज फेटाळतो. पत्नीची किंवा पतीची मालमत्ता, अविभक्त कुटुंबातला हिस्सा, सोसायटीचं पीककर्ज या तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. गुन्हे दाखल असतील तर त्यांचा तपशील प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर प्रसिद्ध करावा लागतो. तो खर्चही तुमच्याच खात्यात धरला जातो.

उमेदवाराची शपथ: अर्ज दिल्यानंतर आणि छाननीचा दिवस उजाडण्याआधी घ्यायची. शेवटच्या दिवशी पावणेतीनला अर्ज देऊन गुलाल उधळत निघून गेलेले उमेदवार ही विसरतात. अर्ज दिला की तिथेच, त्याच टेबलासमोर शपथ घेऊन मोकळं व्हा.

बँक खातं: निवडणूक खर्चाचं स्वतंत्र खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

एबी फॉर्म म्हणजे काय? तो वेळेत आला नाही तर?

‘ए’ फॉर्मवर पक्ष कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि ‘बी’ फॉर्मवर तो अधिकारी सांगतो की उमेदवार कोण. दोन्हींवर शाईची सही लागते. छापील सही, स्कॅन, व्हॉट्सॲपवरचा फोटो यातलं काही चालत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत हे कागद टेबलावर हवेत. २०२४ ला नाशिक जिल्ह्यात शेवटच्या क्षणी हवाईमार्गे एबी फॉर्म पोचवल्याच्या बातम्या गाजल्या, त्या याच तीनच्या ठोक्यामुळे.

म्हणून एक पक्की सवय लावून घ्या: तिकीट नक्की असलं तरी एका अर्जावर दहा सूचक घ्या. एबी फॉर्म आला नाही किंवा बाद ठरला तर एका सूचकाचा अर्ज जागीच संपतो. दहा सूचकांचा अर्ज अपक्ष म्हणून तरी उभा राहतो.

खर्चमर्यादा ४० लाखांची. हिशेबात काय काय धरतात?

२०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख, गोव्यात २८ लाख. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचं सगळं त्यात येतं. खर्चाची नोंदवही तीन रंगांची असते: पांढरी पानं रोजच्या खर्चाला, गुलाबी रोकडीला, पिवळी बँकेला. प्रचारकाळात ती तीनदा तपासून घ्यावी लागते. तिकडे निवडणूक शाखेचं पथक तुमच्या सभेचं चित्रीकरण करून खुर्च्या मोजत असतं आणि स्वतःची ‘छाया नोंदवही’ लिहीत असतं. दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवलेले: खुर्ची, मंडप, चहा, वडापाव, टोपी, गाडीचं दिवसाचं भाडं. तुमचा मित्र ‘मंडप माझ्याकडून’ म्हणाला तरी नोंद त्या दराने होते.

यात फसणारी जागा म्हणजे स्टार प्रचारकाची सभा. त्याचा प्रवास पक्षाच्या खात्यात जातो, पण उमेदवार व्यासपीठावर बसला किंवा त्याचं नाव-फोटो लागला की सभेच्या खर्चातला वाटा उमेदवाराच्या वहीत येतो. तिघे उमेदवार मंचावर असतील तर तिघांत वाटणी. एका माणसाला किंवा दुकानाला रोखीने १०,००० रुपयांपर्यंतच देता येतात, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन.

निकालापासून ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. हरलेल्यानेही. ‘पडलो, आता कसला हिशेब’ म्हणून सोडून दिलं की कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, आणि पुढची झेडपी आली की मग आठवतं.

मतदान आणि मोजणीच्या दिवशी काय लागतं?

माणसं. २०२४ च्या निवडणुकीचा हिशेब केला तर एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे मतदान केंद्रं आणि तीन लाखांच्या वर मतदार. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी आणि एक बदली, म्हणजे सातशे माणसं. त्यांनी दोनच गोष्टी चुकवायच्या नाहीत: सकाळचं अभिरूप मतदान (मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी) बघणं, आणि मतदान संपल्यावर नमुना १७-क ची सही-शिक्क्याची प्रत घेणं. त्या कागदावर यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं असतात. मोजणीच्या टेबलावर तोच ताडून बघायचा. साधारण १४ टेबलं मांडतात, म्हणजे साडेतीनशे केंद्रांच्या २५ फेऱ्या. शेवटच्या पाच फेऱ्यांपर्यंत आपला माणूस टेबलावर जागा असला पाहिजे. आघाडी दिसली की निम्मे प्रतिनिधी गुलाल आणायला जातात, आणि घोळ नेमका तेव्हाच होतो. मालेगाव मध्यचा २०२४ चा निकाल १६२ मतांवर लागला, साकोलीचा २०८ वर, आणि त्याआधी २०१९ ला चांदिवलीचा ४०९ वर.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मतं पडली तर अनामत जप्त.

निवडून आलं की लगेच आमदार का?

नाव राजपत्रात येतं, पण सभागृहात बसता येतं ते हंगामी अध्यक्षांसमोर शपथ घेतल्यावरच. शपथेविना कामकाजात बसलात किंवा मत दिलंत तर राज्यघटनेच्या कलम १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे.

पगार किती?

मूळ वेतन राज्याच्या प्रधान सचिवाच्या बरोबरीने, म्हणजे १,८२,२०० रुपये, वर महागाई भत्ता. शिवाय दूरध्वनीसाठी ८,०००, लेखनसामग्री व टपालासाठी १०,०००, संगणकचालकासाठी १०,०००. अधिवेशन आणि समित्यांचा दैनिक भत्ता, प्रवाससवलत, स्वीय सहायक आणि वाहनचालकाचं मानधन वेगळं. माजी झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी महिना ५०,००० निवृत्तिवेतन, पुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० जादा.

ऐकायला भरपूर वाटतं. पण मतदारसंघात दोन कार्यालयं, गाड्यांचं डिझेल, आल्यागेल्याचा चहा, लग्नांतले आहेर, गणेशमंडळांच्या वर्गण्या, दवाखान्यात अडलेल्याला हातउसने पाच हजार, हे पगारात बसवणारा आमदार विरळा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले आणि एसटीने फिरत राहिले. त्यांचं नाव आजही सगळे काढतात, कारण दुसरं नाव पटकन आठवत नाही.

पाच कोटींचा निधी आमदाराच्या हातात येतो का?

नाही. एक रुपयाही येत नाही. आमदार स्थानिक विकास निधीतून वर्षाला ५ कोटींची कामं तो सुचवू शकतो. पैसा जिल्हाधिकाऱ्याकडे, जिल्हा नियोजन कार्यालयात असतो. क्रम असा: आमदाराचं शिफारसपत्र, यंत्रणेकडून (सार्वजनिक बांधकाम, झेडपी, नगरपालिका) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल.

अडतं कुठे? सर्वांत जास्त जागेवर. सभागृह सुचवलं आणि सातबाऱ्यावर जागा कुणा खाजगी माणसाची निघाली की फाइल तिथेच थांबली. म्हणून शिफारसपत्राला जागेचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडूनच पाठवा. दुसरी अडचण मोघम पत्राची. ‘मौजे अमुक येथे रस्ता करणे’ असं पत्र महिनाभर फिरून परत येतं. चालणारं पत्र असं असतं: ‘मौजे अमुक, गावठाण ते दलितवस्ती रस्ता, ग्रामीण मार्ग क्र. ४७, साखळी क्रमांक ०/०० ते ०/६००, खडीकरण व डांबरीकरण, अंदाजित रक्कम १५ लक्ष.’ तिसरी अडचण तारखेची. आचारसंहिता लागली की कार्यारंभ आदेश न झालेलं काम गोठतं, आणि मार्चअखेरीस कुठल्याच कामाला न लागलेला निधी डोकेदुखी होतो. पहिल्या तिमाहीतच वर्षाची यादी देणारा आमदार शहाणा.

पाच कोटी तसे कमीच. शंभर गावांचा मतदारसंघ धरला तर गावाला पाच लाख. खरी कामं येतात ती इतर लेखाशीर्षांतून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरांतून): ‘पंचवीस पंधरा’ म्हणजे २५१५, ग्रामविकासच्या मूलभूत सुविधा, ‘तीस चोपन्न’ आणि ‘पन्नास चोपन्न’ म्हणजे रस्ते, शिवाय जिल्हा वार्षिक योजना. तिथे पालकमंत्र्याशी जमतंय की नाही यावर मतदारसंघाची पाच वर्षं ठरतात. विरोधी आमदारांची निधीवाटपाची ओरड प्रत्येक सरकारच्या काळात असते, फक्त ओरडणारे पक्ष बदलतात.

मंत्र्यांनी पत्रावर सही केली, तरी काम का होत नाही?

कारण सही म्हणजे मंजुरी नाही. शेरा वाचायला शिका. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे विषय खाली गेला. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे खात्याला वाटलं तर होईल. ‘प्रस्ताव तात्काळ सादर करावा’ यात थोडी धग आहे. पत्र मंत्री कार्यालयातून कार्यासनावर (खात्यात तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर) येतं, तिथे सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि परत मंत्री. पैशाचा विषय असेल तर मध्ये वित्त विभाग. त्यामुळे मंत्रालयात पीएने मंत्र्याच्या दालनाबाहेर ताटकळण्यापेक्षा कार्यासनाचा आवक क्रमांक मिळवावा. आवक क्रमांक नसलेलं पत्र अस्तित्वातच नसतं.

तारांकित प्रश्न कसा लिहावा?

तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी सूचना द्यावी लागते, आणि सोडतीत नशीब लागतं. विधिमंडळाचा ठरलेला साचा आहे. उदाहरणार्थ:

(१) अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले सहा महिने वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय,
(३) असल्यास, चौकशीनुसार पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

खरी लढाई भाग १ मध्ये आहे. तिथे एखादा तपशील चुकला, समजा सहा महिन्यांऐवजी पद पाच महिने रिक्त असेल, तर खातं उत्तर देतं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ संपला विषय. म्हणून भाग १ मध्ये फक्त कागदाने सिद्ध होणारं लिहायचं: पत्राचा दिनांक, पदाचं नाव, ठिकाण. ‘प्रचंड भ्रष्टाचार’, ‘जनतेत तीव्र असंतोष’ असली विशेषणं घातली की खात्याला निसटायला वाट मिळते. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर खूश व्हा, पुरवणी प्रश्नाला दार उघडलं.

पुरवणी प्रश्न एकच, छोटा आणि तारखेचा: ‘पद कोणत्या तारखेपर्यंत भरणार?’ मंत्री ‘लवकरच’ म्हणाले तर हाती काही नाही. ‘तीन महिन्यांत’ म्हणाले तर ते आश्वासन झालं, आणि ते आश्वासन समितीच्या नोंदीत जातं. भाषण करणाऱ्या आमदाराला टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. तारांकित प्रश्नाचा क्रमांक लागला नाही तरी लेखी उत्तर छापून येतं, ते जपून ठेवा. पुढे पत्रव्यवहारात, न्यायालयात, पत्रकार परिषदेत तेच उपयोगी पडतं.

लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, २९३ यांत फरक काय?

लक्षवेधी (विधानसभेत नियम १०५) तातडीच्या सार्वजनिक विषयाला. मंत्र्यांचं निवेदन आधीच छापून हातात येतं, त्यामुळे तयारी करता येते. अलीकडे दिवसाला लक्षवेधींची रांगच लागते. त्यामुळे धार कमी झाली हे खरं, पण मतदारसंघात ‘लक्षवेधी लागली’ याचं वजन टिकून आहे. औचित्याच्या मुद्द्यावर दोन-चार वाक्यं बोलता येतात, उत्तराची सक्ती नाही. नियम २९३ ची चर्चा मोठ्या विषयाला: शेतकरी, कायदा-सुव्यवस्था, मुंबईचे प्रश्न. नवख्याला रात्री आठनंतर, रिकाम्या बाकांपुढे बोलायला मिळतं. तरी बोला. शब्दन् शब्द प्रतिवेदक टिपून घेत असतो.

कपात सूचनांकडे (खात्याने मागितलेली रक्कम कमी करा, अशा प्रस्तावांकडे) फार कमी आमदार गंभीरपणे बघतात, हे आमच्या मते चुकतं. मागण्यांवरच्या चर्चेत एका ओळीची कपात सूचना देऊन तालुक्याचा विषय खात्याच्या टेबलावर नेता येतो.

व्हीप मोडला तर आमदारकी जाते का?

जाऊ शकते, आपोआप नाही. व्हीप म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ ला आली. स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा व्हीपविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेची याचिका अध्यक्षांपुढे जाते. २००३ पर्यंत एक तृतीयांश फुटले तर ‘फूट’ म्हणून संरक्षण होतं. ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढलं. आता दोन तृतीयांश आमदारांसह विलीनीकरण एवढीच पळवाट आहे. गोव्यात ती वारंवार वापरली गेली: ४० जणांच्या सभागृहात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपत गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८.

व्हीप कोणाचा, हा प्रश्न २०२२ च्या शिवसेनेतल्या बंडानंतर ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की व्हीप काढणारा प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. पण मूळ पक्ष कोणता हे ठरवणं अध्यक्षांकडेच राहिलं, आणि त्यांनी १० जानेवारी २०२४ ला कुणालाच अपात्र ठरवलं नाही. आमदाराने यातून घ्यायचं ते एवढंच: व्हीप लेखी मिळाला का, कोणाच्या सहीचा, कधी आणि कसा पोचला, याचा पुरावा स्वतःकडे ठेवा. सुनावणीत जन्म काढायची वेळ आली तर ईमेलची तारीखच कामाला येते.

अपक्षाने निवडून आल्यावर कुठलाही पक्ष प्रवेश केला तर तो अपात्र. म्हणून अपक्ष ‘पाठिंबा’ देतात, ‘सहयोगी’ होतात, गळ्यात उपरणं मात्र घालत नाहीत.

गोंधळ घातला तर किती काळ निलंबन?

त्या अधिवेशनापुरतं. ५ जुलै २०२१ ला बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला ते घटनाबाह्य ठरवलं. वर्षभर मतदारसंघाला प्रतिनिधीच नसणं हे हकालपट्टीहूनही वाईट, असा त्यातला मुद्दा होता. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त घोषित करू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

गुन्ह्यात शिक्षा झाली तर?

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की त्याच दिवसापासून अपात्रता, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत २०१३ च्या लिली थॉमस निकालाने संपली. शिक्षेला नव्हे, दोषसिद्धीला स्थगिती मिळाली तरच आमदारकी वाचते. नुसता जामीन उपयोगाचा नाही.

विधान परिषदेचा मार्ग सोपा आहे का?

वेगळा आहे. ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ प्रत्येकी ७, आणि १२ राज्यपालनियुक्त. मुदत सहा वर्षं.

पदवीधरमध्ये मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने बनते. जुन्या यादीतलं नाव चालत नाही, नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. म्हणून ही निवडणूक खरं तर यादी बनवतानाच जिंकली जाते: ज्याने अर्ज भरून घेतले त्याचे मतदार. मत पसंतीक्रमाने, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननेच, १, २, ३ असे आकडे लिहून. बरोबरची खूण केली, अक्षरात ‘एक’ लिहिलं, खाली सही केली की मत बाद. पदवीधरांची मतं यात बाद होतात, याला काय म्हणावं!

आमदारांनी निवडायच्या जागांचा कोटा असा काढतात: एकूण मतं भागिले (जागा अधिक एक), आणि त्याच्या पुढचं मत. जुलै २०२४ ला २७४ आमदार आणि ११ जागा होत्या, म्हणून कोटा २३. राज्यसभेला मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, परिषदेला ते गुप्त असतं. मतं फुटतात ती इथेच.

मंत्रिपदाची शक्यता किती?

मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. दीडशे-दोनशे आमदारांच्या सत्तापक्षात आणि जिल्हा, जात, गट, मित्रपक्ष यांच्या वाटणीत तुमचा क्रमांक कुठे लागतो ते बघा. मंत्री न होताही ठसा उमटवता येतो. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वि. स. पागे मंत्री नव्हते, परिषदेचे सभापती होते.

दिवस कसा जातो?

सकाळी सात-साडेसातला घरासमोर माणसं. पोलीस ठाण्याला फोन, दवाखान्यातलं बेड, वीज तोडलेली डीपी, शाळेचा प्रवेश, बदली. अकरानंतर तालुक्यात बैठका आणि उद्घाटनं, संध्याकाळी लग्नं, कीर्तन, दशक्रिया. लग्नाला नाही गेलं तर लोक दोन महिने बोलतात, मयताला नाही गेलं तर पाच वर्षं. मंगळवार-बुधवार मंत्रालय, म्हणजे रात्रीचा प्रवास आणि आकाशवाणी आमदार निवासात मुक्काम. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला.

यात पीए हाच कणा. एक मतदारसंघात आणि एक मंत्रालयात असे दोन हवेत, आणि येणाऱ्या प्रत्येक अर्जाची नोंदवही हवी: तारीख, नाव, गाव, विषय, कुठे पाठवलं, आवक क्रमांक, उत्तर. नातेवाइकाला पीए करू नका. चुकला तर काढता येत नाही.

पडलो तर पुढे काय?

निकालात गैरप्रकार झाला असं वाटत असेल तर निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. एक दिवसही वाढवून मिळत नाही. याचिकेच्या प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून स्वतःची सही लागते, आणि भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर वेगळं शपथपत्र. याचिका जास्त करून या तांत्रिक कारणांवरच फेटाळल्या जातात, पुराव्यापर्यंत जातच नाहीत. १७-क च्या प्रती, मोजणीच्या फेरीनिहाय नोंदी आणि हरकतीच्या अर्जाची पोच हे त्याच रात्री एका फाइलला लावून ठेवा. आणि खर्चाचा हिशेब तीस दिवसांत.